२८९८ साल आणि मांजरेचं पाणी

नरक चतुर्दशीच्या पहाटे तेलाची वाटी पाटाजवळ आली की आमची आजी आधी तिच्यात बोट बुडवायची आणि चार थेंब जमिनीवर शिंपडायची. ते अश्वत्थाम्याचे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो दारोदार तेल मागत फिरतो. त्याचा वाटा काढल्याशिवाय घरात कुणाच्या अंगाला तेल लागत नसे. तिकडं नंदुरबार जिल्ह्यात अस्तंब्याच्या डोंगरावर ऐन दिवाळीत त्याची यात्रा भरते. आमच्या नांदेडात यात्रा नाही, तेलाचे चार थेंब तेवढे.

हा अश्वत्थामा जून २०२४च्या शेवटच्या आठवड्यात मला नांदेडच्या एका थिएटरात भेटला. उंची आठ फूट, अंगाला मळकट पट्ट्या गुंडाळलेल्या, आवाज अमिताभ बच्चनचा. सिनेमा ‘कल्कि २८९८ एडी’, मूळ तेलुगू, आमच्यापुढं हिंदीत डब होऊन आलेला. पुढच्या रांगेत एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. पहिला तासभर पडद्यावर उडती वाहनं, किरण सोडणाऱ्या बंदुका आणि तीन चाकांची बोलणारी गाडी असा कल्ला चालला होता, त्यात आजोबांची मान केव्हाच छातीवर पडली होती. पडक्या देवळाच्या अंधारातून तो म्हातारा उठला, तसं नातवानं त्यांना कोपरानं ढोसलं. आजोबा जागे झाले ते शेवटपर्यंत जागेच राहिले. या सिनेमाचं परीक्षण त्या कोपराच्या एका ढुशीत आलं होतं, पण ते कळायला मला सव्वा वर्ष आणि तीन गावं लागली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. २८९८ साली पृथ्वीवर जगायला एकच शहर उरलंय, काशी. गंगा आटलीय. काशीच्या डोक्यावर उलट्या पिरॅमिडसारखी एक अजस्र वसाहत तरंगते, तिचं नाव कॉम्प्लेक्स. खालचं पाणी, धान्य, हिरवळ, सगळं तिनं वर ओढून घेतलंय. तिचा मालक सुप्रीम यास्किन, म्हणजे वाळून काटकी झालेला कमल हासन. खाली काशीत भैरवा, म्हणजे प्रभास, पैसे घेऊन माणसं पकडून देतो. दहा लाख युनिट साठवायचे आणि कॉम्प्लेक्समध्ये राहायला जायचं, हे त्याचं स्वप्न. कॉम्प्लेक्समधल्या प्रयोगशाळेतून एक गरोदर बाई पळून जाते. ती दीपिका पदुकोण, आणि तिच्या पोटात कल्की. तिला राखायला अश्वत्थामा येतो. तीन तास झाल्यावर गोष्ट ऐन मध्यावर थांबते, उरलेली पुढच्या भागात.

दिग्दर्शक नाग अश्विन, निर्माते अश्विनी दत्त यांची वैजयंती मूव्हीज. खर्च सहाशे कोटींच्या घरातला म्हणून सांगितला गेला. २७ जूनला, गुरुवारी, सिनेमा लागला. पहिल्याच दिवशी जगभरातून १९१ कोटी जमल्याचं निर्मात्यांनी जाहीर केलं आणि जुलै अर्धा सरता सरता एक हजार कोटींची दवंडी पिटली गेली. समीक्षकांचं मत मात्र दुभंगलेलं होतं, आणि गंमत म्हणजे सगळ्यांचं एकाच जागी दुभंगलं होतं. भव्यता वाखाणली गेली. अमिताभबद्दल वाकडा शब्द कुणी काढला नाही. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसानं चव्वेचाळीस वर्षांच्या नायकाला पडद्याच्या कडेला ढकलून दिलं, यावर मुंबई, हैदराबाद, चेन्नई सगळ्यांचं एकमत. आणि पहिला अर्धा भाग रेंगाळतो, विनोद फसतो, दीपिकाला करायला काही ठेवलेलं नाही, वाळवंट ‘मॅड मॅक्स’मधून, बंदुका ‘स्टार वॉर्स’मधून, धूळ ‘ड्यून’मधून आणलीय, यावरही एकमत. ऑगस्टमध्ये अर्शद वारसीनं अमिताभची तोंडभर स्तुती करून प्रभासला जोकर म्हटलं. मग चार दिवस त्या एका शब्दावर उत्तर विरुद्ध दक्षिण असं रण पेटलं. नाग अश्विननं शब्द जपून वापरायला हवे होते एवढं म्हणून अर्शदच्या मुलांसाठी खेळण्यातल्या बुज्जी धाडतो असं कळवलं. बुज्जी म्हणजे ती बोलणारी गाडी. अख्ख्या सिनेमात जमला नाही इतका विनोद या उत्तरात दिग्दर्शकाला जमला, असं माझं मत आहे.

विनोदाचं हे प्रकरण मला स्वस्थ बसू देईना. नांदेडच्या शोमध्ये तेलुगूतला विनोदी नट ब्रह्मानंदम पडद्यावर आला आणि काहीच झालं नाही. भैरवाचा घरमालक, थकलेल्या भाड्यासाठी मागं लागलेला. आमच्या थिएटरात दोन-चार जण ओळखीचं हसले, बाकी पॉपकॉर्न. म्हणून त्याच रविवारी सकाळची गाडी धरून निजामाबादला गेले, तेलुगूत पाहायला. मुदखेड, उमरी, करखेली, धर्माबाद. धर्माबाद सुटलं की राज्य बदलतं, पण डब्यातली भाषा त्याआधीच बदललेली असते. बासरला गोदावरी ओलांडताना खिडकीतून नाणी पडतात, ती टाकणारे मराठीत नमस्कार करतात की तेलुगूत हे पाहून सांगता येत नाही.

इथं थोडं थांबून आमच्या भागाची ओळख करून द्यायला हवी, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला नांदेड म्हणजे गुरुद्वारा एवढंच ठाऊक असतं. हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाचा आणि १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातला. रेल्वेचं नांदेड मंडळ सिकंदराबादच्या हाताखाली आहे, मुंबईच्या नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांत घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी अशी तिपेडी माणसं राहतात. धर्माबादेकडची काही गावं तर आम्हाला तेलंगणात घ्या म्हणून निवेदनं देऊन बसली होती; तेलंगणचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी महाराष्ट्रातली पहिली मोठी सभा फेब्रुवारी २०२३मध्ये नांदेडलाच घेतली ती उगीच नाही. तेलुगू सिनेमा आमच्याकडं ‘बाहुबली’नंतर आला असं कुणी म्हणालं की हसू येतं. १९९१ साली सिंगीतम श्रीनिवास राव यांचा ‘आदित्य ३६९’ आला. त्यात बालकृष्ण कालयंत्रात बसून आधी कृष्णदेवरायाच्या दरबारात जातो आणि मग २५०४ सालात. भविष्यकाळ, हाणामारी आणि विनोद असं त्रिकूट भारतीय पडद्यावर त्यानं बसवलं तेव्हा हिंदीवाले ‘साजन’च्या गाण्यांवर खूश होते. तेच सिंगीतम नव्वदीला टेकलेले असताना ‘कल्कि’च्या संहितेचे मार्गदर्शक म्हणून नेमले गेले, ही गोष्ट आमच्याकडच्या वर्तमानपत्रांनी चौकटीतसुद्धा छापली नाही.

तर निजामाबाद. तेलंगण सरकारनं पहिल्या आठ दिवसांसाठी तिकिटं वाढवून घ्यायला परवानगी दिलेली, त्यामुळं खिशाला चांगलीच कात्री लागली. ब्रह्मानंदम आला. त्यानं तोंड उघडण्याआधीच थिएटर हललं. तेच भाड्याचं भांडण, तीच दोन मिनिटं, आणि माझ्या डाव्या बाजूच्या बाई डोळे पुसत होत्या. मला तेलुगू बाजारापुरतं येतं, पण एवढं कळलं की तो हसू शब्दांतून काढत नाही, शब्दांच्या मधल्या जागेतून काढतो. हिंदी डबिंगनं नेमक्या त्या जागा बुजवून टाकल्या होत्या. बरं, डब केलेली हिंदी तरी कुठली? मुंबईच्या स्टुडिओतली, कुठल्याच गावची नसलेली. ज्या काशीत हैदराबादचा माणूस घरमालक आहे, त्याला दखनीत बोलू दिलं असतं, ‘हौ’ आणि ‘नक्को’ त्याच्या तोंडी घातलं असतं, तर नांदेड, परभणी, बिदर, गुलबर्गा या पट्ट्यात खुर्च्या मोडल्या असत्या. वीस वर्षांपूर्वी ‘द अंग्रेज’ नावाचा हैदराबादी सिनेमा आमच्या पोरांना संवादांसकट पाठ होता. हसायला आम्ही कमी पडत नाही.

पण निजामाबादच्या बाजूनंही खरं ते सांगते. बुज्जीच्या थट्टेवर आणि प्रभासच्या मारामारीतल्या कोट्यांवर तिथंही सामसूमच होती. म्हणजे सगळा दोष डबिंगच्या माथी मारता येत नाही. विनोद माणसाच्या अडचणीतून येतो. भाडं थकलंय ही अडचण खरी, म्हणून घरमालक हसवतो. ज्याला कुणी हरवू शकत नाही त्याची टिंगल रंगत नाही.

आता दुसरा आक्षेप, धर्माचा. सिनेमा चालू लागल्यावर एका आचार्यांनी भावना दुखावल्याची नोटीस धाडली. ‘महाभारत’ मालिकेतले भीष्म, मुकेश खन्ना, यांनी कृष्ण अश्वत्थाम्याचा मणी काढून घेतो या प्रसंगावर हरकत घेतली. हरकत चूक नाही. मूळ कथेत मण्याचा हट्ट द्रौपदीचा आहे. झोपेत कापलेल्या पाच मुलांची ती आई आहे आणि मणी मिळाल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही म्हणून ती प्रायोपवेशनाला बसते. सिनेमानं द्रौपदीच गाळली. पण हरकत घ्यायचीच तर मग पंचांग काढूनच बसू. कलियुग इसवी सनापूर्वी ३१०२मध्ये सुरू झालं असं आपली परंपरा मानते. त्यात २८९८ मिळवा, बरोबर सहा हजार. आकडा असा काढलेला आहे, उगाच नाही. मात्र पुराणांच्या मोजणीत कलियुगाची लांबी ४ लाख ३२ हजार वर्षं आणि कल्की येणार तो त्याच्या शेवटाला. म्हणजे नाग अश्विनचा कल्की ४ लाख २६ हजार वर्षं आधीच पोटात आलाय. अश्वत्थाम्याचं त्याहून मजेदार आहे. सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला शाप देतो तो ३ हजार वर्षांचा. त्याच पंचांगानं मोजलं तर शाप इसवी सनापूर्वी १०२च्या सुमाराला फिटला. इकडं गोदेकाठी सातवाहनांचा काळ. मग आजीनं तेल शिंपडलं ते कुणासाठी, हा प्रश्न उरतोच.

महाभारतावर असा हिशेब मांडला तर कुणी अंगावर येईल अशी भीती मला नांदेडात वाटत नाही. हे नरहर कुरुंदकरांचं गाव. पीपल्स कॉलेजात त्यांनी शिकवलं, प्राचार्यपद सांभाळलं, आणि महाभारतावरचे त्यांचे लेख ‘व्यासांचे शिल्प’मध्ये आहेत. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’, दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ आणि कुरुंदकर एवढं वाचलेल्या मराठी माणसाला पुराणकथेला हात लावला म्हणून राग येत नाही. कशासाठी लावला, एवढंच तो विचारतो. ‘कल्कि’ या प्रश्नाला एका जागी उत्तर देतो. ज्यानं उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं, त्यालाच सहा हजार वर्षांनी दुसरा गर्भ राखायला उभं करायचं, ही कल्पना मूळच्या कथेत नाही आणि मूळच्या कथेला शोभेल अशी आहे. शाप भोगणं वेगळं आणि अपराध फेडणं वेगळं. व्यासांनी पहिलं दिलं, या पोरानं दुसरं दिलं. अमिताभचा अभिनय सगळ्यांना दिसला, त्याच्या खाली ही जी पटकथेची तुळई आहे ती परीक्षणांत मला फारशी दिसली नाही.

जुलैत मी लातूरला होते. मावशीकडं. शहर तेव्हा दुसऱ्याच गोष्टीनं ढवळून निघालेलं होतं. ५ मेला ‘नीट’ झाली, ४ जूनला निकाल लागला, देशभरातून ६७ जणांना ७२०पैकी ७२०, मग पेपरफुटीचा गदारोळ, २३ जूनला १५६३ जणांची फेरपरीक्षा, आणि त्याच दिवसांत चौकशीची सुई लातूरकडं वळली. नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकानं लातुरात येऊन शिक्षकांना ताब्यात घेतलं. ट्यूशन एरियातल्या खानावळींत दुसरा विषय नव्हता. त्या रस्त्यावरून चालताना मला भैरवा अचानक कळला. दहा लाख युनिट झाले की वर जायचं. तिथं पाणी आहे, झाडं आहेत, एसी आहे. खाली राहून काही होणार नाही. तो दर कामानंतर युनिट मोजतो, आणि आकडा काही केल्या पुरा होत नाही. परीक्षणांत याला ‘पटत नसलेलं पात्र’ म्हटलं होतं. त्या वर्षी तेवीस लाखांवर पोरं ज्या परीक्षेला बसली आणि डॉक्टरकीच्या जागा लाखाच्या आसपास होत्या, तिची तयारी दहा बाय दहाच्या खोलीत करणाऱ्या कुणालाही विचारा. तो आकडा पोरांच्या भिंतीवर चिकटवलेला असतो.

मावशीबरोबर सिनेमा परत पाहिला, तिसऱ्यांदा. काशीच्या बाजारात राम गोपाल वर्मा क्षणभर दिसतो, हौस म्हणून घातलेली भूमिका. बाकी देशात यावर शिट्ट्या पडल्या म्हणे. मावशीनं फक्त जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेलच्या पाहणीला गेले तेव्हा सोबत त्यांचा मुलगा रितेश आणि हे वर्मा होते, आणि त्यावरून उठलेल्या वादळात पुढच्या काही दिवसांत मुख्यमंत्रिपद गेलं. विलासरावांचं बाभळगाव लातूरपासून हाकेच्या अंतरावर. दिग्दर्शकानं हजार गोष्टींचा विचार केला असेल, ‘च्च’चा केला नसणार.

पण मावशीचं खरं मत घरी आल्यावर कळलं. मी म्हटलं, सगळे म्हणतात हे वाळवंट इंग्रजी सिनेमातून उचललंय. ती म्हणाली काहीच नाही, उठून मोरीकडं गेली आणि कोपऱ्यातला निळा ड्रम दाखवला. २०१६चा. अजून टाकून दिलेला नाही.

२०१६ ज्यांनी लातूरबाहेर काढलं त्यांच्यासाठी: मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी लागली, म्हणजे नळाजवळ पाच माणसं जमली तर गुन्हा. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. नाव जलदूत. वाघिणी होत्या तेल वाहणाऱ्या; राजस्थानात कोट्याच्या कार्यशाळेत वाफेनं धुऊन काढलेल्या. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर. एका शहराला प्यायला पाणी म्हणून तेलाच्या टाक्या धुऊन रुळांवरून आणणं, हे कुठल्या पटकथाकारानं लिहिलं असतं तर अतिरंजित म्हणून खोडलं असतं. त्याच मार्चमध्ये मराठीतला एक विरळा विज्ञानपट ‘फुंतरू’ थिएटरात लागला होता. सुजय डहाकेचा, एक इंजिनिअरिंगचा पोरगा आवडत्या मुलीची प्रकाशातली प्रतिकृती बनवतो. भविष्यकाळ पाहायला तिकीट काढायचं की नंबर लावायचा, असा तो महिना होता.

त्या उन्हाळ्यात मी आठ दिवस मावशीकडं काढले. ताटं बंद, पत्रावळीवर जेवण. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. आंघोळ परातीत बसून, परातीतलं पाणी बादलीत, बादली संडासाला. टँकर गल्लीच्या तोंडाशी आला की पाइपच्या तोंडावर कुणाचा हात आधी पडतो यावर शेजारधर्म ठरायचा. मावशीचा हात चपळ होता, त्याची तिला पुढं लाज वाटायची. ड्रम भरला की त्यावर झाकण, झाकणावर पाटा, पाट्यावर स्वतः मावशी.

माझी ‘कल्कि’वरची तक्रार इथली आहे, ‘मॅड मॅक्स’ची नाही. उचलेगिरी केली म्हणून मी कुणाला फाशी देणार नाही. ‘मॅड मॅक्स फ्युरी रोड’ २०१५चा, जलदूत २०१६ची, आमच्यापुरता तो सिनेमा वर्षभर आधी लागलेला ट्रेलर होता. तक्रार ही की पाणी नाही हे नाग अश्विननं सांगितलं आणि तो पुढं निघून गेला. सहाशे कोटींची धूळ उभी केली, पण पाणी नसण्यात दिवस कसा जातो, माणूस कसा बदलतो, कोण पाट्यावर बसतं, त्यावर सिनेमा रेंगाळत नाही. रेंगाळतो तो मारामारीवर. टंचाई त्याला नेपथ्य म्हणून लागते. म्हणून परीक्षकांना ती उसनी वाटली. मॅड मॅक्सचा खलनायक उंचावरून पाण्याचा लोट सोडतो आणि दोन घोट होताच तोटी बंद करतो. त्या एका तोटीत जे राजकारण होतं, ते कॉम्प्लेक्सच्या अख्ख्या पिरॅमिडमध्ये नाही.

आणखी एक गोष्ट, जी सगळ्यांनी दोन ओळींत संपवली. कॉम्प्लेक्सच्या प्रयोगशाळेत बायका लागतात त्या फक्त गर्भाशयापुरत्या. त्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. गर्भातून रस काढायचा, बाई मेली तर दुसरी. समीक्षकांनी लिहिलं की दीपिकाचं पात्र निष्क्रिय आहे, आणि ते खरंच आहे. पण लातूरला लागूनच बीड जिल्हा. तिथल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं २०१९मध्ये उघड झालं. सरकारी समितीनं ८२ हजारांवर बायांची पाहणी केली, १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड. मग पिशवीच काढून टाका. आमच्याकडं तिला पिशवीच म्हणतात. मावशी त्या प्रयोगशाळेच्या दृश्यांत पदर तोंडाला लावून बसली होती. सिनेमानं ही जागा उघडली, तिच्यात डोकावला आणि गाडीच्या पाठलागाला निघून गेला. असा राग मला वाईट सिनेमाचा येत नाही.

नकाशा काढून बसलं की अजून एक गोष्ट दिसते. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटात उगवते, लातूरला पाणी पाजते किंवा पाजत नाही, बिदर ओलांडून तेलंगणात शिरते. तिथं तिच्यावर सिंगूरचं धरण. हैदराबाद वर्षानुवर्षं त्या सिंगूरचं पाणी प्यालंय. पुढं निजामसागर, आणि मग वळसा घालून आमच्या नांदेडच्या सीमेवरून कंदकुर्तीला ती गोदावरीत जाते. ज्या शहराच्या उशाशी, रामोजी फिल्म सिटीत, हा आटलेल्या नदीचा सिनेमा चितारला गेला, त्या शहराच्या आणि लातूरच्या घशात एकच नदी आहे. लातूरकर वरच्या अंगाला राहून तहानलेले, ही कॉम्प्लेक्सची उलटी रचना. यावर सिनेमा काढायला हैदराबादला जायचीही गरज नाही.

मराठीत मग का निघत नाही? पैसा हे सोपं उत्तर आणि ते बरंचसं खरंही आहे. कागदावर मराठी विज्ञानकथा पन्नास वर्षांहून जास्त काळ उभी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळालं तेव्हा लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. नावातली आद्याक्षरं उलटी केली की जयंत विष्णू नारळीकर. २० मे २०२५ रोजी ते गेले. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्यांच्या किती आवृत्त्या निघाल्या आणि पडद्यावर काय आलं, हे मांडायला एक ओळसुद्धा लागत नाही. या कथांना उडत्या गाड्या लागत नाहीत. एक निळा ड्रम, एक पाटा आणि त्यावर बसलेली बाई एवढं नेपथ्य आमच्या निर्मात्यांना परवडायला हरकत नाही.

मे २०२५मध्ये तेलंगण सरकारचे पहिले गद्दर पुरस्कार जाहीर झाले. ‘कल्कि’ सर्वोत्तम चित्रपट, नाग अश्विन सर्वोत्तम दिग्दर्शक. जन्मभर डफलीवर भुकेची आणि जमिनीची गाणी गात फिरलेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार सहाशे कोटींच्या सिनेमाला, यावर तिकडं काय बोललं गेलं असेल ते असो. सप्टेंबरात वैजयंती मूव्हीजनं जाहीर केलं की दुसऱ्या भागात दीपिका नाही. म्हणजे कल्की पोटात आहे आणि आई बदलणार. माझ्या हिशेबात हा सगळ्यात मोठा दोष ठरेल, कारण अश्वत्थाम्याचं प्रायश्चित्त त्या बाईच्या चेहऱ्यावर बेतलेलं होतं.

माझा निकाल विचाराल तर: सिनेमा अर्धा आहे, आणि तो अर्धा अमिताभचा आहे. घरात दिवाळीला बसून पाहणार असाल तर हिंदी नेटफ्लिक्सवर आहे, तेलुगू प्राइम व्हिडिओवर. देगलूर-बिलोलीकडच्या वाचकांनी तेलुगूतच पाहावा, घरमालकासाठी. कुरुक्षेत्राचा सुरुवातीचा प्रसंग चुकवू नका. त्यानंतरचा तासभर फराळाचं ताट मांडीवर ठेवायला हरकत नाही, आजोबा झोपले तर झोपू द्या. देवळातला म्हातारा उठायला लागला की मात्र त्यांना कोपरानं ढोसा.